मॅरेथॉनसाठी निधी जमवलाय आणि पाय दुखतोय: आता धावायचं की थांबायचं?



दिवाळी संपली की माझ्या ओपीडीत एका ठरावीक प्रकारचे रुग्ण दिसायला लागतात. वय ३५ ते ५०, नोकरी बैठी, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ आणि तक्रार नडगीची, टाचेची किंवा गुडघ्याची. तपासून झालं की मी विचारते, "जानेवारीत धावताय का?" उत्तर बहुतेक वेळा 'हो' असतं. मग मी सांगते, काही आठवडे धावणं बंद. जो स्वतःच्या हौसेसाठी धावतोय तो खट्टू होतो, कुरकुरतो, पण शेवटी ऐकतो. जो एखाद्या संस्थेसाठी पैसे जमवून धावतोय तो मात्र म्हणतो, "मॅडम, लोकांकडून पैसे घेतलेत. आता कसं थांबणार?"

हा लेख मुख्यतः या दुसऱ्या माणसासाठी आहे. शिवाय त्याला पैसे देणाऱ्यांसाठी आणि त्याच्या घरच्यांसाठीही आहे. हा प्रश्न मी गेली काही वर्षं टेबलाच्या एका बाजूने ऐकत होते. गेल्या हिवाळ्यात तो मला स्वतःलाच पडला.

धावणं आणि दान यांची जोडी

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि आता ती जानेवारीत होते. पूर्ण मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. तिथे हजारो लोक धावतात आणि त्यातले बरेच जण कुठल्या ना कुठल्या संस्थेसाठी निधी गोळा करतात. या स्पर्धेच्या दानकार्याची व्यवस्था 'युनायटेड वे मुंबई' ही संस्था पाहते. लंडनची मॅरेथॉन १९८१ साली सुरू झाली. तीही आज निधी जमवण्यासाठी जगभर ओळखली जाते.

ही जोडी जमते याचं कारण सरळ आहे. नुसतं "अमुक संस्थेला पैसे द्या" म्हटलं तर लोक संदेश पुढे सरकवतात. "मी तुमच्यासाठी काही मागत नाही, मी सहा महिने घाम गाळणार आहे, तुम्ही या कामाला हातभार लावा" असं म्हटलं की लोक थांबून वाचतात. धावणाऱ्यालाही फायदा होतो. पहाटे साडेचारला गजर वाजल्यावर, बाहेर पाऊस असताना, अंथरुणातून उठवायला दुसरं कुणीतरी लागतं. "शंभर लोकांना सांगून बसलेय" ही जाणीव ते काम चोख करते. व्यायाम सुरू करून तो टिकत नाही अशी तक्रार करणाऱ्यांना मी नेहमी सांगते की चार जणांना सांगून सुरू करा. हे त्याचंच मोठं रूप.

पण जी जाणीव आपल्याला उठवते, तीच पुढे आपल्याला थांबू देत नाही. धोका आहे तो इथे.

मी कशासाठी धावत होते

मी ठाण्यात राहते, वय ४६. दोन वर्षं अर्धमॅरेथॉन धावल्यावर पूर्ण मॅरेथॉनचं ठरवलं आणि त्यासोबत टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेकरता निधी जमवायचा, असंही ठरवलं.

टाइप १ मधुमेह म्हणजे आपल्या घरातल्या काका-मावशींना असतो तो मधुमेह नव्हे. यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाण्याशी याचा संबंध नाही, आईवडिलांच्या चुकीशी तर नाहीच. या मुलांना जगण्यासाठी रोज इन्सुलिनची इंजेक्शनं घ्यावीच लागतात. पण किती घ्यायचं हे कळायला आधी साखर मोजावी लागते. जास्त झालं तर साखर झपकन उतरून मूल बेशुद्ध पडू शकतं, कमी झालं तर साखर वाढून रक्तात आम्लं साठतात.

ग्लुकोमीटरची एक पट्टी साधारण २० रुपयांना धरा. दिवसाला ४ वेळा तपासायचं तर वर्षाला १४६० पट्ट्या, म्हणजे २९ हजारांच्या वर. टोचायच्या सुया धरून ३० हजार. ज्या घरात महिन्याला १२-१५ हजार येतात, तिथे पट्टी वाचवली जाते. आई दिवसातून एकदाच मोजते, बाकी अंदाजाने चालतं. म्हणून मी ठरवलं की १० मुलांच्या वर्षभराच्या पट्ट्या, म्हणजे ३ लाख रुपये जमवायचे. पहिल्या मुलाचे पैसे मी स्वतः भरले आणि मग मित्र, नातेवाईक, सोसायटीतले लोक यांच्याकडे मागायला सुरुवात केली.

दवाखान्यात मात्र मी पेटी ठेवली नाही, भिंतीवर कागदही लावला नाही. डॉक्टरसमोर बसलेल्या रुग्णाला 'नाही' म्हणणं अवघड जातं. अशा ठिकाणी मागणं मला बरोबर वाटत नाही.

हृदय लवकर तयार होतं, हाड उशिरा

जानेवारीतल्या स्पर्धेसाठी सराव जुलैत सुरू होतो. म्हणजे पावसाळा, मग डेंग्यू-मलेरियाचे महिने, मग ऑक्टोबरचा उकाडा, असं सगळं मध्ये येतं. माझा क्रम साधा होता. आठवड्यातून ४ दिवस धावणं, २ दिवस ताकदीचे व्यायाम, १ दिवस पूर्ण विश्रांती. रविवारची लांब धाव हळूहळू वाढवायची, दर चौथ्या आठवड्याला अंतर कमी करायचं आणि शेवटचे २-३ आठवडे हात आखडता घ्यायचा.

सरावात शरीरात काय होतं, ते समजून घ्या. काही आठवड्यांतच दम कमी लागतो, कारण हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं. स्नायूही लवकर शिकतात. आपल्याला वाटतं, झालो तयार! पण हाड मागे असतं. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. त्या भाराला तोंड द्यायला हाड स्वतःची डागडुजी करतं. या डागडुजीत जुना भाग आधी काढला जातो आणि नवा भाग नंतर भरला जातो. घराच्या दुरुस्तीत आधी प्लास्टर खरवडतात तसंच. या मधल्या आठवड्यांत हाड थोडं नाजूक असतं. त्यावर भार पडतच राहिला तर आधी हाडात सूज येते आणि पुढे बारीक चीर पडते. या चिरेला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात.

कमी खाऊन जास्त धावणं, ड जीवनसत्त्वाची कमतरता, पाळी अनियमित असणं किंवा पाळी जाण्याचं वय, एकदम वाढवलेलं अंतर, या सगळ्यांमुळे हा धोका वाढतो. आणि नियम पाळणाऱ्यांनाही तो कधीकधी गाठतो.

नडगीतला एक बिंदू

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी मी २८ किलोमीटर धावले. दुसऱ्या दिवशी उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. स्नायूंचं दुखणं पसरट असतं, तळहात ठेवून दाखवावं लागतं आणि चालायला लागलं की सैल होतं. हे तसं नव्हतं. हे एका बोटाने दाखवता येत होतं, धावलं की वाढत होतं आणि चौथ्या रात्री पडल्या पडल्याही ठणकलं. मी अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले. एक्स-रे साफ होता. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत तो बहुधा साफच असतो, त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल आहे, म्हणजे काही नाही" असं समजू नका. एमआरआयमध्ये हाडात सूज दिसली. चीर पडलेली नव्हती. सल्ला होता सहा ते आठ आठवडे धावणं बंद. स्पर्धा सहा आठवड्यांवर होती.

त्या दिवशी खात्यावर १ लाख ९० हजार जमले होते.

धावण्याच्या गटातल्या एका अनुभवी मित्राने मायेनेच सुचवलं, "दोन आठवडे आराम कर, शर्यतीच्या दिवशी वेदनाशामक घे आणि हळूहळू पूर्ण कर. लोकांना तोंड दाखवायचंय ना!" मला खरंच मोह झाला, हे सांगायला हरकत नाही. पण आकडेमोड स्पष्ट होती. वेदना हा हाडाने दिलेला एकमेव इशारा असतो. गोळी इशारा बंद करते, भार कमी करत नाही. सुजलेल्या हाडावर साधारण ४० हजारांहून जास्त पावलं टाकली की त्याची चीर होऊ शकते आणि चिरेचं पूर्ण फ्रॅक्चर. शिवाय आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या घेऊन लांब पल्ला धावलं तर, शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना, मूत्रपिंडांना इजा होण्याचा आणि जठरात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. हे मी रुग्णाला सांगितलं असतं. स्वतःला वेगळं सांगायचं कारण नव्हतं.

पैसे कशासाठी दिले होते?

इथे सप्टेंबरमधली एक गोष्ट सांगते. माझे एक जुने रुग्ण रिक्षा चालवतात. त्यांना आमच्या स्वागतकक्षातल्या ताईंकडून माझ्या धावण्याचं कळलं. तपासणी झाल्यावर त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही ठरलेलं पळाला नाहीत, तर लोकांचे पैसे परत का?"

मी म्हटलं, "नाही हो, पैसे थेट संस्थेला जातात."

"मग तसं लिवा ना त्यात. पळण्याचे पैसे वेगळे आणि पोरांचे वेगळे. नायतर लोकांचा घोळ होतो."

एवढं बोलून ते निघून गेले आणि नको नको म्हणताना ताईंकडे २०० रुपये देऊन गेले. मी त्याच रात्री माझ्या आवाहनात एक ओळ घातली: "तुमचे पैसे थेट संस्थेच्या खात्यात जातील आणि मुलांच्या पट्ट्यांसाठीच वापरले जातील. आजारपणामुळे किंवा दुखापतीमुळे मी धावू शकले नाही, तरी यात बदल होणार नाही."

डिसेंबरमध्ये मी सगळ्या देणगीदारांना कळवलं की मी धावणार नाही, का धावणार नाही, आजवर किती जमले आणि किती मुलांची सोय झाली. मनातून धास्ती होती. एका ओळखीच्या गृहस्थांनी आपले २००० रुपये परत मागितले. पावती झालेली होती, म्हणून मी स्वतःचे दिले. काहींनी उत्तरच दिलं नाही. बऱ्याच जणांनी पायाची चौकशी केली आणि काहींनी आणखी पैसे पाठवले. स्पर्धेच्या दिवसापर्यंत २ लाख ७४ हजार झाले. नऊ मुलांचं वर्ष निघालं, दहाव्यासाठी २६ हजार कमी पडत होते. स्पर्धा संपल्यावर मागायचं नाही असा काही नियम नाही. मागत राहिले. मार्चमध्ये ते पूर्ण झाले.

या बाबतीत कॅनडाच्या टेरी फॉक्सची आठवण ठेवण्यासारखी आहे. हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ साली, वयाच्या १८ व्या वर्षी, त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसे जमवायला १२ एप्रिल १९८० रोजी तो कृत्रिम पाय लावून देशाच्या पूर्व टोकापासून पश्चिमेकडे धावत निघाला, रोज जवळजवळ एक मॅरेथॉन! १४३ दिवसांत ५३७३ किलोमीटर झाल्यावर कर्करोग फुप्फुसांत पसरल्याचं कळलं आणि १ सप्टेंबरला त्याला थांबावं लागलं. दुसऱ्या समुद्रापर्यंत तो पोहोचला नाही. पण देशातल्या प्रत्येक माणसामागे एक डॉलर हे त्याचं लक्ष्य पुढच्या फेब्रुवारीपर्यंत पुरं झालं, २.४ कोटी डॉलरहून अधिक जमले. जून १९८१ मध्ये तो गेला. तो जसा धावला तसं धावा असं मी कुणालाच सांगणार नाही. पण तो थांबल्यावर लोकांचं देणं थांबलं नाही, हे लक्षात ठेवा. लोकांनी पैसे शेवटच्या रेषेला दिले नव्हते.

केव्हा थांबायचं?

तुम्ही निधीसाठी धावत असाल किंवा नसाल, पुढच्या गोष्टी सारख्याच लागू आहेत.

१. एका बिंदूवर हाड दुखतंय, धावल्यावर वाढतंय, रात्री ठणकतंय: धावणं बंद करा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. जांघेत खोलवर दुखत असेल तर त्याच आठवड्यात दाखवा. मांडीच्या हाडाच्या मानेजवळची चीर सरकली तर शस्त्रक्रियेची वेळ येते.

२. ताप, अंगदुखी, जुलाब, छातीत कफ: धावायचं नाही. विषाणूजन्य आजारात कधीकधी हृदयाच्या स्नायूलाही सूज येते, तिला मायोकार्डायटिस म्हणतात. त्यात जोराचा व्यायाम केला तर ठोके जीवघेणे बिघडू शकतात. नुसतं नाक वाहत असेल तर हलका व्यायाम चालतो. ताप गेल्यावर आधी काही दिवस चाला, मग धावा. डेंग्यू झाला असेल तर डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्याशिवाय नको.

३. धावताना छातीत दाब, धडधड, भोवळ, नेहमीपेक्षा जास्त दम: जागेवर थांबा. 'ॲसिडिटी असेल' म्हणू नका. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या १.०९ कोटी लोकांच्या अभ्यासात ५९ जणांचं हृदय अचानक बंद पडलं. म्हणजे हे क्वचित घडतं, पण घडतं. चाळिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा घरात कमी वयात हृदयविकार असलेल्यांनी सराव सुरू करण्याआधी तपासणी करून घ्यावी.

४. उकाड्यात बडबडणं, तोल जाणं, गोंधळणं: हा उष्माघात असू शकतो. अशा माणसाला सावलीत न्या, अंगावर थंड पाणी आणि बर्फ लावा, वैद्यकीय मदत बोलवा. थंड करणं आधी, बाकी नंतर.

५. पाणी तहानेप्रमाणे प्या. प्रत्येक टेबलावर बळेबळे पाणी पीत गेलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकेदुखी, उलटी, गोंधळ, झटके ही त्याची लक्षणं.

६. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. शरीरातला साखरेचा साठा बहुतेकांचा ३० किलोमीटरच्या आसपास आटत येतो. खाण्याचा सरावही आधीच करा. शर्यतीच्या दिवशी नवीन काही नको.

पैसे मागणाऱ्यांना आणि देणाऱ्यांना

मागणाऱ्यांनी तीन गोष्टी पहिल्याच संदेशात लिहाव्यात: पैसे कुठल्या संस्थेच्या खात्यात जातील, त्यातून नेमकं काय घेतलं जाईल आणि तुम्ही धावू शकला नाहीत तर काय. ही तिसरी ओळ लिहिली की पुढे शरीराचा निर्णय शरीराकडे बघून घेता येतो.

देणाऱ्यांनी पैसे शक्यतो थेट संस्थेला द्यावेत, धावणाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात नकोत. पावती मागा. आयकरात ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते आणि २००० रुपयांवर रोख दिलेल्या देणगीला मिळत नाही. आणि ज्याला पैसे दिलेत त्याला एक वाक्य जरूर सांगा: "दुखलं-खुपलं तर थांब, पैसे परत मागणार नाही." घरच्यांनी हे दोनदा सांगावं. तुम्हाला ते साधं वाटेल, पण डिसेंबरमध्ये असं वाक्य ऐकल्यावर माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं.

माझी नडगी आता बरी आहे. आधी चालणं, मग सायकल, मग एक मिनिट धावणं आणि दोन मिनिटं चालणं, अशी मार्चपासून पुन्हा सुरुवात केली. ड जीवनसत्त्व कमी निघालं होतं, ते भरून काढलं. या वर्षी लक्ष्य १२ मुलांचं आहे. त्या मुलांना पट्ट्या वर्षभर रोज लागतात, मी त्या रविवारी धावले काय आणि न धावले काय. तुम्ही ज्यांच्यासाठी धावताय त्यांचंही असंच असेल. म्हणून पाय शाबूत ठेवा, पुढच्या वर्षीही मागायला जायचंय.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या दुखण्याचं निदान आणि औषधं तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.)